मातीचा गुरू

एखादे पुस्तक कोणत्या गावी बसून वाचले याला टीकेत स्थान नसते. नसावे असेच मीही पुष्कळ वर्षे मानीत आलो. परंतु ऑयगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाचे झेन आणि धनुर्विद्या यांवरील छोटेखानी पुस्तक मी दोनदा वाचले. एकदा पुण्यात, विद्यार्थिदशेत, आणि दुसऱ्यांदा चार-पाच वर्षांमागे नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यातल्या धडगावी, पावसाने अडकवून ठेवलेल्या एका सुट्टीत. पहिल्या वाचनात मी पार भारून गेलो होतो. त्या भारलेपणाचे काही एक बरेवाईट दुसऱ्या वाचनाने केले. ते काय केले हे नीट मांडता आले तर पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पुण्यात धनुष्य ही पुस्तकात आणि पौराणिक चित्रपटात भेटणारी वस्तू होती. सातपुड्याच्या त्या अंगाला ते घराच्या कुडाला टांगलेले असते, शेजारी कोयता आणि छत्री.

हेरिगेल १९२४ ते १९२९ या काळात जपानमधील सेंदाई येथे तोहोकु विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत होता. झेनचा प्रत्यय यावा ही त्याची जुनी तळमळ. त्यासाठी एखादी कला शिकावी असा सल्ला मिळाला, म्हणून तो आवा केंझो या धनुर्विद्येच्या आचार्यांकडे गेला. १९३६ साली त्याने या अनुभवावर व्याख्यान दिले, १९४८ साली पुस्तक लिहिले, आणि १९५३ साली सुझुकींच्या प्रस्तावनेसह त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. तेव्हापासून ‘झेन आणि अमुक’ अशा नावांच्या पुस्तकांना जो पूर आला, त्याचा उगम या शंभराएक पानांत आहे.

पुस्तकातला पेच म्हटला तर अगदी लहान आहे. बाण सोडायचा कसा? जपानी धनुर्धर प्रत्यंचा अंगठ्याने ओढतो. त्यासाठी टणक अंगठ्याचा हातमोजा असतो, त्याच्या बुडाशी दोरीसाठी खाच असते, आणि वरची बोटे अंगठ्याला धरून ठेवतात. धरलेला अंगठा सुटला की बाण सुटतो. पण अंगठा सोडायचा नसतो. तो सुटला पाहिजे. बर्फाच्या भाराने वाकलेले बांबूचे पान जसे न हलता बर्फ खाली सरकू देते, तसे. हेरिगेलला हे वर्षानुवर्षे जमत नाही. शेवटी एका उन्हाळी सुट्टीत तो बोटांचा दाब हलके हलके कमी करण्याची एक युक्ती स्वतःच शोधून काढतो. बाण सुरेख सुटतो. परत येऊन तो गुरूंना दाखवतो, तर ते एक शब्द न बोलता पाठ फिरवून बसतात. शिकवणेच बंद. पुस्तकातला हा सर्वांत खरा प्रसंग. आपल्या तालमीतही वस्ताद असेच पाठ फिरवतात. डाव लागला, पण चोरून लागला, हे त्यांना पाहता क्षणी कळते.

आता या खटाटोपामागचा विचार. महायान पंथाच्या प्रज्ञापारमिता सूत्रांत रूप आणि शून्य यांत भेद नाही असे सांगितले आहे. आपल्याला ‘शून्य’ म्हटले की गणिताच्या वहीतले भोपळे आठवतात, नाहीतर वैराग्य. नागार्जुनाला अभिप्रेत असलेले शून्य यांपैकी काहीच नाही. कोणत्याही वस्तूला इतरांवाचून, स्वतःपुरता, अढळ असा स्वभाव नाही, एवढेच तो सांगतो. धनुष्याचे धनुष्यपण बांबूत नाही, दोरीत नाही, ओढणाऱ्या हातातही नाही. तिन्ही एकत्र येतात तेव्हा ते असते. म्हणून शून्यता हवी असेल तर रूप टाकून चालत नाही, रूपच शेवटपर्यंत न्यावे लागते. जपानी शस्त्रविद्येत ‘काता’ म्हणजे ठरलेल्या हालचालींची बांधीव मालिका हिला एवढे महत्त्व आहे ते याचमुळे. पाय कसे ठेवायचे इथपासून बाण सुटल्यावरही शरीर तसेच कसे राहू द्यायचे इथपर्यंत धनुर्विद्येच्या आठ पायऱ्या ठरलेल्या. निशाण २८ मीटरांवर, ३६ सेंटीमीटर व्यासाचे. नवख्याला तेही नाही. त्याने दोन पावलांवरच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण मारायचे, की जिथे नेम चुकणे शक्यच नाही. नेमाचा प्रश्नच काढून टाकला म्हणजे उरते ते निव्वळ रूप.

मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटू नये. रूप आणि आशय यांवर आपल्या मासिकांतून किती शाई सांडली! मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांतून सौंदर्याचा उलगडा करू पाहिला, तेव्हा ‘मग आशयाचे काय?’ हाच ओरडा झाला. रूप हे भांडे आणि आशय हा त्यातला पदार्थ, अशी आपली घट्ट समजूत. सेंदाईच्या त्या अंगणात भांडे आणि पदार्थ हा भेदच मानीत नाहीत. हेरिगेलचे पुस्तक मला प्रथम आवडले ते या कारणासाठी. साहित्याबद्दल जे बोलता येईना, ते कुणीतरी अंगठ्याबद्दल बोलून दाखवले होते.

जपानी शस्त्रविद्येवरचा या विषयातला माझ्या मते अधिक कसदार ग्रंथ मात्र हेरिगेलचा नव्हे. सतराव्या शतकात ताकुआन या झेन भिक्षूने याग्यू मुनेनोरी या तलवारबहाद्दराला एक दीर्घ पत्र लिहिले. त्याचे म्हणणे असे, की चित्त एका जागी थांबले की माणूस मेला. प्रतिपक्षाच्या तलवारीवर थांबले तर ती तलवार चित्ताला बांधते. स्वतःच्या हातावर थांबले तर हात बांधतो. सहस्रहस्त अवलोकितेश्वराचे सगळे हात कामाचे का? त्याचे चित्त एका हाताशी थांबत नाही म्हणून. एकावर थांबले असते तर नऊशे नव्व्याण्णव लोंबकळत राहिले असते.

धडगावी हे पत्र आठवले आणि त्याबरोबर आदिपर्वातल्या दोन परीक्षा आठवल्या. पहिली सर्वांना पाठ आहे. झाडावर कृत्रिम पक्षी, आणि अर्जुनाला त्याच्या मस्तकाखेरीज काही दिसत नाही. शाळेत आपण एकाग्रतेचा नमुना म्हणून ही गोष्ट ऐकतो. ताकुआनला ती दाखवली असती तर तो म्हणाला असता, या मुलाचे चित्त थांबले आहे. पक्षी लाकडाचा आहे म्हणून ठीक. दुसरी परीक्षा कुणी घेतलेलीच नाही. रानात कुत्रे भुंकते आणि एकलव्य त्याच्या तोंडात सात बाण मारतो. जणू एकाच वेळी. सातांपैकी पहिल्यावर चित्त थांबले असते तर दुसरा गेला नसता. व्यास त्याच्या अभ्यासाचे वर्णन करताना तीन क्रियांची नावे घेतात: सोडणे, घेणे आणि जोडणे. क्रम असा उलटा आहे. सोडण्याला शब्द ‘विमोक्ष’. हेरिगेल ज्यासाठी वर्षानुवर्षे झुरला ते व्यासांच्या यादीत पहिले आहे, आणि ते एकलव्याला गुरूवाचून आले.

गुरूवाचून कसे म्हणता, मातीचा द्रोण होता ना? होताच. मी म्हणतो ती गोष्टच ही आहे. त्या मूर्तीला द्रोणाचे रूप आहे आणि आत द्रोण नाही. ती बोलत नाही, चुका दाखवत नाही, पाठही फिरवत नाही. आकार संपूर्ण आणि आत काही नाही, आणि तरी तिच्यासमोर विद्या येते. रूप आणि शून्य यांचा अभेद याहून साध्या दृष्टान्ताने मला कुणी समजावला नव्हता. महायानाच्या शास्त्रात तो का आला नाही याचे नवल वाटते.

इथवर मी पुष्कळ खूष होतो. आपल्या घरातच झेन सापडल्याचा तो बाळबोध आनंद. पण पुढे हेरिगेलच्याच पुस्तकाची जी चिकित्सा झाली ती वाचनात आली आणि दृष्टान्ताची दुसरी बाजू दिसली. यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने २००१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवले, की आवा केंझो हे झेनचे साधकच नव्हते; त्यांचा स्वतःचा एक निराळा, काहीसा गूढ पंथ होता. हेरिगेलला जपानी बेताचे येत होते. सगळा व्यवहार दुभाष्यामार्फत. आणि आचार्यांचे बोलणे दुर्बोध झाले की दुभाषी ते जमेल तसे सावरून घेत असे. पुस्तकातला गाभा म्हणजे बाण ‘मी’ नव्हे तर ‘ते’ सोडते, हे गुरुवचन. यामादाचा तर्क असा, की चांगला बाण गेल्यावर आवा केवळ ‘हेच ते, जमले’ अशा अर्थाचे काही बोलले असतील, आणि त्यातल्या सर्वनामाचे जर्मनमध्ये परतत्त्व झाले. अंधारात मारलेल्या दुसऱ्या बाणाने पहिल्याचीच काडी चिरल्याचा तो प्रसिद्ध चमत्कार घडला तेव्हा तर दुभाषी जवळ नव्हताच. आणि आवांनी पुढे आपल्या एका शिष्यापाशी तो निव्वळ योगायोग म्हटला होता.

पुष्कळांनी या निबंधाने पुस्तक निकालात निघाले असे मानले. मला तसे वाटत नाही. दस्तऐवज म्हणून ते निकालात निघाले हे खरेच. पण मग हेरिगेलला जे मिळाले ते कुणाकडून मिळाले? समोर बोलणाऱ्या माणसाची भाषा कळत नाही, जे कळते ते दुभाष्याने गाळलेले, आणि उरलेली पोकळी आपल्या तळमळीने भरून काढायची. हेरिगेलनेही मातीचाच गुरू केला होता. फरक इतकाच, की एकलव्याला आपली मूर्ती मातीची आहे हे ठाऊक होते.

हा फरक साहित्याच्या दृष्टीने मला निर्णायक वाटतो. मूर्ती मातीची आहे हे ठाऊक असलेला माणूस आपल्या विद्येचा उगम आपल्या हातात पाहू शकतो. ठाऊक नसलेला तो गुरूच्या मौनात पाहतो आणि पुढे त्या मौनाची आज्ञा मानू लागतो. हेरिगेल मायदेशी परतला, १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला आणि युद्धाच्या अखेरीस एर्लांगेन विद्यापीठाच्या प्रमुखपदी होता. गेर्शोम शोलेम यांनी १९६१ साली ही गोष्ट जाहीरपणे सांगितली तेव्हा झेनप्रेमी मंडळींना ती रुचली नाही. ‘मी’ नाहीसा करण्याच्या साधनेचा आणि त्याच्या राजकारणाचा कार्यकारणसंबंध जोडण्याइतका मी धीट नाही. पण रिकाम्या केलेल्या जागेत कोण येऊन बसले याची चौकशी ते पुस्तक कुठेच करीत नाही, हा मात्र पुस्तकातला दोष आहे आणि तो पुस्तकातच दिसतो.

आता त्या सुट्टीतली हकिगत. पाऊस थोडा उघडला तेव्हा धडगावजवळच्या एका पाड्यावर जाणे झाले. ज्यांच्याकडे गेलो त्यांचे वडील सत्तरी ओलांडलेले. कुडावरचा तिरकमठा त्यांचा. कमान बांबूची, आणि दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. दोर उतरवून ठेवलेला. मी शाळामास्तर नव्हे, पण चष्मा आणि हातात पुस्तक म्हटल्यावर तिथे माणूस गुरुजीच ठरतो. ‘बाबा, एक बाण मारून दाखवा,’ म्हणालो, तर ते म्हणाले, ‘कशावर मारू, गुरुजी?’ शिकार उरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती गुन्हा ठरली, आणि त्याआधीच रान विरळ होत चालले होते. शेवटी बांधावरच्या मोहाच्या खोडाला मारायचे ठरले. त्यांनी दोर चढवला, दोन बोटांत बाणाचे बूड धरले, ओढले असे म्हणेपर्यंत बाण गेलाही होता. आठ पायऱ्या सोडाच, मला दोनही मोजता आल्या नाहीत. बाण खोडाला घासून पलीकडच्या गवतात गेला.

मी हेरिगेल वाचून बसलेला. मी विचारले, ‘बाबा, सोडताना मनात काय असतं?’ त्यांनी थोडा विचार केला. आपल्या मिश्र बोलीत ते जे म्हणाले त्याचे मराठी असे: ‘काय असणार, गुरुजी? बाण परत सापडेल की नाही, हेच.’

नंतर आम्ही तिघे तो बाण शोधत होतो. कंबरभर ओले गवत, विंचूकाट्याची भीती. लोखंडी पात्याचा बाण होता. नवा करायचा म्हणजे लोहाराकडे जाणे आले, पिसे मिळवणे आले. तो सापडायला पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात माझे पुष्कळ तत्त्वज्ञान ओले झाले. जपानी धनुर्गृहात निशाणामागे वाळूचा बंधारा रचलेला असतो. गेलेला बाण वाळूत रुततो; शिष्य जाऊन तो पुसून आणतो. चित्त बाणामागे जात नाही, कारण बाण कुठेच जात नाही. हेरिगेलच्या पुस्तकात या वाळूवर एक वाक्य विचार नाही. शून्यतेलाही काही सामग्री लागते. कुणीतरी वाळू उपसून ठेवलेली असावी लागते, प्राध्यापकाचा पगार चालू असावा लागतो. हे मी झेनला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. तुकोबांच्या भजनालाही रात्र लागत होती आणि दिवसाचे दुकान बुडत होते. पण ज्याच्या बाणाला किंमत आहे त्याचे मन बाणामागे जाते, आणि तरी त्याचा हात थांबत नाही, हे मी पाहिले. त्याला काय म्हणावे? ताकुआनच्या व्याख्येत ते बसते का? मला वाटते बसते, आणि ताकुआनला अपेक्षित नव्हत्या अशा रीतीने बसते. ‘सापडेल का’ ही काळजी बाण सुटल्यानंतरची आहे. सोडण्यापुरते तिथे खरोखरच काही नव्हते.

येथे थबकले पाहिजे. शहरातल्या माणसाला डोंगरातल्या माणसात जन्मजात साधू पाहण्याची खोड असते, तशी मलाही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. या लोकांच्या धनुष्याविषयी सरकारी कागदांतून जे सापडते ते बहुतेक ‘उपद्रव’ या सदरातले. १८२५ साली आउट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभारली आणि ज्यांच्या हाती तिरकमठा होता त्यांतल्याच काहींच्या हाती बंदुका देऊन बाकीच्यांवर नेमले. म्हणजे त्या काळी धनुष्य हे गुन्ह्याचे साधन, आणि आता होळीला काठीसारख्या गावी ढोलाच्या तालावर रात्र जागवणाऱ्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी ती ‘संस्कृती’. मधल्या काळात ती एक विद्या होती, तिला रीत होती, बाप मुलाला शिकवीत होता, याची नोंद करायला आपल्या टीकेला सवड झाली नाही. सेंदाईच्या आचार्यांवर आपण निबंध लिहितो. मीही तेच करतो आहे.

भिल्ल लोक दोन बोटांनी बाण ओढतात, अंगठा लावत नाहीत, आणि त्याचे कारण एकलव्य, असे सर्रास सांगितले जाते. ही गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. व्यासांचा एकलव्य भिल्ल नाही, निषादराज हिरण्यधनूचा मुलगा आहे. आणि बोटांनी ओढण्याची पद्धत केवळ सातपुड्यातली नव्हे. युरोपातले धनुर्धर शतकानुशतके तसेच ओढत आले. साध्या लाकडी कमानीला बोटे सोयीची पडतात. तेव्हा अंगठा न लावणे हा त्या कथेचा पुरावा नाही. उलट कथेतच एक तांत्रिक पुरावा दडला आहे: द्रोणाने मागितला तो उजवा अंगठा. म्हणजे त्या काळच्या क्षत्रियांची ओढण्याची रीत अंगठ्याची होती, जपान्यांसारखी. हेरिगेलला जो अंगठा सुटत नव्हता, तोच एकलव्याने कापून दिला.

या देण्यालाही आपण शून्यता म्हणावे काय? अहंकाराचे विसर्जन, गुरुचरणी सर्वस्व? कीर्तनकारांनी तसे म्हटले आहे, आणि शाळेच्या पुस्तकांनीही. मला ते मान्य नाही. मातीच्या द्रोणाने कधी काही मागितले नव्हते. मागितले ते हाडामांसाच्या द्रोणाने, आणि शिष्य रिकामा व्हावा म्हणून नव्हे, तर अर्जुनाला दिलेला शब्द भरून निघावा म्हणून. साधनेतले सुटणे आणि सत्तेने कापून घेणे यांना एकच नाव देणे हा विचाराचा आळस आहे. आपल्या सरकारने खेळाडूंसाठी १९६१ पासून अर्जुन पुरस्कार ठेवला आणि शिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार. आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना मात्र एकलव्याचे नाव दिले. ही नावे ठेवणाऱ्याला महाभारत पाठ असावे किंवा मुळीच ठाऊक नसावे.

व्यासांनी मात्र एकलव्याला अंगठ्यापाशी सोडलेले नाही. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण ओढू लागला आणि पूर्वीइतका चपळ राहिला नाही, एवढे ते कोरडेपणाने नोंदवतात. द्रोणपर्वात, तो मेल्यानंतर, कृष्ण अर्जुनाला सांगतो की अंगठा असता तर देवांनाही तो आवरला नसता. तुझ्यासाठी त्याला मारावे लागले. जिंकणाऱ्या पक्षाच्या तोंडची ही कबुली पुस्तकात पुष्कळ उशिरा, पुष्कळ प्रेते पडल्यावर येते.

ऑलिंपिकमध्ये जी धनुर्विद्या चालते तीत प्रत्यंचा तीन बोटांनी ओढतात, अंगठा तळव्याकडे मुडपून ठेवलेला असतो. राजस्थानातला लिंबाराम या आदिवासी तरुणाने बांबूच्या धनुष्याने सुरुवात केली आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत तो याच रीतीने उभा राहिला. पाड्यावरच्या बाबांना मी हे सांगितले. अंगठ्याने ओढणारेही लोक आहेत, जपानात, हेही सांगितले आणि त्यांच्या कमानीवर करून दाखवायला गेलो. दोर हलेना. ते हसले, माझा अंगठा धरून बाजूला केला, आणि ‘याला काम नाही, गुरुजी, याला राहू द्या,’ म्हणाले.